जुने गोवे: पुसलं गेलेलं शहर चित्रांतून कसं वाचायचं?

दर दहा वर्षांनी सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या शवप्रदर्शनाचा सोहळा आला की जुने गोवे बातम्यांत येतं. मागचा सोहळा २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झाला. अवशेषांची पेटी बॉम जिझस बासिलिकातून रस्त्यापलीकडच्या से कॅथेड्रलमध्ये नेली गेली आणि लाखो लोक दर्शन घेऊन गेले.

तिथे पहिल्यांदा गेलेल्या कुणालाही एक प्रश्न पडतो. मांडवीच्या काठी, माडांच्या आणि हिरवळीच्या मध्ये एवढी प्रचंड चर्चेस एकमेकांच्या इतकी जवळ कशी? आजूबाजूला म्हणावी तशी वस्ती नाही, जुनी बाजारपेठ नाही, वाडे नाहीत. मग या चर्चेसमध्ये प्रार्थनेला येणारी माणसं राहत कुठे होती?

ती त्या हिरवळीच्या जागीच राहत होती. आज आपण जिथे गवतावर बसून डबा खातो, तिथे रस्ते होते, दुकानं होती, दुमजली घरं होती. चर्चेस उरली आणि शहर गेलं. गेलेलं शहर पाहायचं तर जुन्या चित्रांकडे जावं लागतं. ही चित्रं आज एका छताखाली नाहीत. काही जुन्या गोव्यातल्याच पुरातत्त्व खात्याच्या संग्रहालयात आहेत, काही सांता मोनिका मठातल्या ख्रिस्ती कला संग्रहालयात, काही चर्चच्या वेदीवर, तर काही लिस्बन आणि रोममध्ये. ती काळाच्या क्रमाने एका रांगेत लावली तर प्रदर्शन कसं दिसेल आणि ते कसं पाहायचं, ते इथे समजून घेऊ.

चित्र हा पुरावा कसा होतो?

एखाद्या शहराचा इतिहास चित्रांतून मांडणाऱ्या प्रदर्शनात गेलं की आपण बहुतेकदा चित्र सुंदर आहे की नाही एवढंच पाहतो. इतिहासकार वेगळे प्रश्न विचारतो. हे कुणी काढलं? पैसे कुणी दिले? काढणाऱ्याने ती जागा स्वतः पाहिली होती का? आणि सर्वांत महत्त्वाचं, यात काय नाही?

घरातला लग्नाचा अल्बम आठवा. त्यात सगळे नटलेले, हसरे, जागच्या जागी उभे. रुसलेले काका नाहीत, मागच्या अंगणात भांडी घासणाऱ्या बायका नाहीत, मांडवाची उधारीही नाही. तरीही अल्बम खोटा नसतो. घराला स्वतःचं कोणतं रूप जपून ठेवावंसं वाटलं, ते त्यातून नेमकं कळतं. शहरांची चित्रं अशीच वाचायची असतात.

एक शब्द सुरुवातीलाच स्पष्ट करतो. कॅथेड्रल म्हणजे केवळ मोठं चर्च नव्हे. बिशपचं, म्हणजे त्या प्रदेशाच्या धर्मप्रमुखाचं अधिकृत आसन जिथे असतं, ते कॅथेड्रल. त्यामुळे कॅथेड्रल असलेल्या गावाला आपोआप सत्ताकेंद्राचं वजन येतं. सोळाव्या शतकात गोव्याच्या आर्चबिशपचं धार्मिक अधिकारक्षेत्र आफ्रिकेच्या दक्षिण टोकापासून चीन-जपानपर्यंत मानलं जात होतं. हे लक्षात घेतलं की से कॅथेड्रल एवढं अवाढव्य का बांधलं, हा प्रश्न उरत नाही. ते गावासाठी बांधलेलंच नव्हतं.

पोर्तुगीजांच्या आधी इथे काय होतं?

अनेकांच्या मनात जुन्या गोव्याचा इतिहास १५१० पासून सुरू होतो. ते बरोबर नाही. आफोन्सो द अल्बुकर्कने २५ नोव्हेंबर १५१० रोजी घेतलं ते विजापूरच्या आदिलशाहीचं चालतं बंदर होतं. अरबी घोडे इथे उतरत आणि दख्खनच्या दरबारांत जात. त्याआधी कदंब राजघराण्याचा काळ होता. पुरातत्त्व संग्रहालयाच्या खालच्या मजल्यावरचे वीरगळ, सतीशिळा आणि देवमूर्ती पाहिल्या की हे डोळ्यांना पटतं. पर्यटक बहुधा त्यांच्याजवळून घाईने पुढे जातात. माझं सांगणं, प्रदर्शन तिथूनच सुरू करावं.

आदिलशाहीची खूण म्हणून सेंट कॅजेटन चर्चजवळ आज एक एकाकी दगडी दरवाजा उभा आहे. बाकी वाडा नाही. २५ नोव्हेंबर हा सेंट कॅथरीनचा सण, म्हणून विजयाची आठवण म्हणून शहर तिच्या नावे अर्पण झालं आणि पुढे कॅथेड्रलही. से कॅथेड्रलच्या मुख्य वेदीमागे सोन्याचा मुलामा दिलेली जी उंच कोरीव लाकडी चौकट आहे, तिच्यात याच कॅथरीनच्या आयुष्यातले आणि हौतात्म्याचे प्रसंग आहेत. म्हणजे कॅथेड्रलच्या गाभ्यातली कला ही एका लढाईच्या तारखेची नोंद आहे.

या सुरुवातीच्या काळातली माणसं कशी दिसत होती? इथे रोमच्या कासानातेन्से ग्रंथालयातला एक संग्रह कामी येतो. साधारण १५४० च्या सुमाराचा हा जलरंगांचा संच. पूर्व आफ्रिकेपासून चीनपर्यंतच्या लोकांची सत्तरहून अधिक चित्रं, वर पोर्तुगीज मथळे. चित्रकाराचं नाव नोंदलेलं नाही, पण रेषा आणि रंग भारतीय हाताचे आहेत आणि काम गोव्यात झालं असावं, असं अभ्यासक मानतात. शेती करणारे, कारागीर, लग्नाचे प्रसंग असं यात बरंच काही आहे. पोर्तुगीज ग्राहकासाठी भारतीय चित्रकाराने रंगवलेले हे आपले लोक. पुढच्या दोनशे वर्षांतल्या चित्रांत सामान्य माणूस इतका ठळक क्वचितच दिसतो.

बाजार भरला आहे, कॅथेड्रल अर्धवट आहे

जुन्या गोव्याचं सर्वांत प्रसिद्ध दृश्य एका डच माणसामुळे आपल्याकडे आलं. यान हाउखेन फान लिन्शोटेन हा १५८३ मध्ये गोव्याच्या आर्चबिशपचा सचिव म्हणून आला आणि काही वर्षं इथे राहिला. परतल्यावर १५९६ मध्ये त्याचं प्रवासवर्णन छापलं गेलं. त्यात शहराचा मोठा नकाशा आहे आणि मुख्य रस्त्यावरच्या बाजाराचं चित्रही आहे. या रस्त्याचं नाव रुआ दिरैता. नदीकाठच्या व्हाइसरॉयच्या, म्हणजे पोर्तुगीज राजाच्या इथल्या प्रतिनिधीच्या, वाड्याकडून तो शहरात येई आणि रोज सकाळी तिथे लिलाव चाले.

त्या बाजारात घोडे आहेत, पालख्या आहेत, डोक्यावर छत्री धरायला नोकर घेऊन फिरणारे पोर्तुगीज आहेत. आणि विकली जाणारी माणसंही आहेत. गुलामांचा व्यापार हा या शहराच्या श्रीमंतीचा उघड भाग होता. लिन्शोटेनने तो लपवला नाही, कारण त्याला त्यात लपवण्यासारखं काही वाटलंच नाही. ‘पूर्वेचं रोम’ म्हणून या शहराचं कौतुक करताना हे चित्र डोळ्यांसमोर ठेवावं, असं मला मनापासून वाटतं.

त्याच्या नकाशात घरांच्या ओळींमागून ओळी दिसतात. टेकड्यांवर मठ, खाली धक्का, गलबतं, कोठारं. आजच्या हिरवळीचा त्यात मागमूस नाही.

एक बारीक गोष्ट सहज निसटते. लिन्शोटेन इथे होता तेव्हा आजचं से कॅथेड्रल पुरं झालेलं नव्हतं. काम १५६२ मध्ये सुरू झालं, इमारत उभी व्हायला १६१९ उजाडलं आणि वेद्यांचं काम तर १६५२ पर्यंत रेंगाळलं. सुमारे ७६ मीटर लांब आणि ५५ मीटर रुंद अशी ही वास्तू घडत असताना शहराच्या दोन-तीन पिढ्यांनी तिला परांच्यांमध्येच पाहिलं. शेजारी मंदावत चाललेला व्यापार आणि वर चढत चाललेल्या भिंती, दोन्ही एकाच वेळी. आपण समजतो की वैभव आलं म्हणून चर्चेस झाली. प्रत्यक्षात कित्येक भव्य वास्तू पूर्ण झाल्या तेव्हा वैभवाला ओहोटी लागलेली होती.

पण हे चित्र गोवा न पाहिलेल्यांनी कोरलं ना?

हो. लिन्शोटेनची रेखाटनं तांब्याच्या पत्र्यावर कोरली ती नेदरलँड्समधल्या फान डुटेकम कुटुंबातल्या कारागिरांनी. पत्रा कोरून त्यात शाई भरायची आणि कागदावर दाबून ठसा घ्यायचा, अशी ती पद्धत. कोरणाऱ्याने गोवा पाहिलेला नव्हता. त्यामुळे माणसांच्या उभं राहण्याच्या लकबी, घरांचे दर्शनी भाग आणि झाडं यांत युरोप डोकावतो.

म्हणून ते चित्र टाकाऊ ठरतं का? नाही. खिडकी नेमकी कशी होती हे त्यावर विसंबून सांगता येणार नाही. पण रस्ता कुठून कुठे जात होता, कोणती इमारत कशाच्या शेजारी होती, बाजार कुठे भरत होता, हे सांगता येतं, कारण ते इतर कागदपत्रांशी पडताळून पाहता येतं. १६३५ मध्ये आंतोनियो बोकारोने पोर्तुगीज ठाण्यांचं वर्णन लिहिलं आणि त्यासोबत पेद्रो बार्रेतो द रेझेंदेने रंगीत आराखडे काढले. ते काम लष्करी आणि सरकारी गरजेचं, म्हणजे त्याचा हेतू वेगळा. दोन वेगळ्या हेतूंची चित्रं जिथे एकच गोष्ट सांगतात, तिथे विश्वास ठेवायला हरकत नाही.

व्हाइसरॉयांची रांग

पुरातत्त्व संग्रहालयाच्या वरच्या मजल्यावरचं दालन व्हाइसरॉय आणि गव्हर्नरांच्या मोठ्या चित्रांचं. पूर्ण उंचीची माणसं, चिलखत, तलवार, कुळाचं चिन्ह. पाहणारा दोन-चार चित्रांत कंटाळतो, कारण सगळे सारखेच दिसतात. तसे ते दिसावेत हाच तर हेतू होता.

१५४७ मध्ये गव्हर्नर जुआंव द कास्त्रोने ही मालिका सुरू करवली. रेखाटनं गास्पार कोरैयाची. हा सैनिक होता, इतिहासलेखकही होता आणि जुन्या गव्हर्नरांपैकी अनेकांना त्याने स्वतः पाहिलं होतं. रंगवणारा मात्र इथलाच एक चित्रकार. कोरैयाचं नाव आपल्याला माहीत आहे, त्याचं नाही. पुढे प्रत्येक नव्या सत्ताधाऱ्याची भर पडत गेली.

ही चित्रं दमट हवेत वारंवार खराब झाली आणि वारंवार पुन्हा रंगवली गेली. नवा रंग जुन्यावर चढत गेला. त्यामुळे आज दिसणारा चेहरा हा सोळाव्या शतकातल्या माणसाचा की एकोणिसाव्या शतकातल्या दुरुस्ती करणाऱ्याच्या कल्पनेतला, हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही. त्यासाठी क्ष-किरण आणि अवरक्त किरणांनी रंगाखालचे थर तपासावे लागतात. लिस्बनच्या राष्ट्रीय प्राचीन कला संग्रहालयातही या मालिकेतली काही चित्रं आहेत.

मला या दालनात चेहऱ्यांपेक्षा चित्रांचा प्रवास जास्त बोलका वाटतो. ती आधी नदीकाठच्या व्हाइसरॉयच्या वाड्यात होती. सत्ता पणजीला गेली तशी तीही पणजीच्या सरकारी वाड्यात गेली. गोवा मुक्त झाल्यावर ती जुन्या गोव्यात परत आली, पण सत्तेची निशाणी म्हणून नव्हे, तर संग्रहालयातल्या वस्तू म्हणून. ज्या वाड्यासाठी ती बनली, तो तर १८२० च्या आसपास पाडलाही गेला होता.

हात कुणाचे होते?

कोरैयासोबतच्या निनावी चित्रकाराचा प्रश्न पुढेही सुटत नाही. चर्चेसमधलं लाकडी कोरीव काम, हस्तिदंती मूर्ती, चांदीची भांडी, जरीची वस्त्रं हे सगळं बनवलं कुणी? मोठ्या प्रमाणावर स्थानिक कारागिरांनी, आणि त्यांतले अनेक हिंदू होते. हिंदू कारागिरांनी ख्रिस्ती प्रतिमा घडवू नयेत असे हुकूम सोळाव्या शतकात निघाले, आणि ते एकदाच नव्हे तर पुन्हा पुन्हा. तोच हुकूम परत काढावा लागतो, याचा अर्थ तो पाळला जात नव्हता.

ख्रिस्ती कला संग्रहालय १९९४ मध्ये राशोलच्या सेमिनरीत सुरू झालं, २००२ मध्ये जुन्या गोव्यातल्या सांता मोनिका मठात आलं आणि मोठ्या दुरुस्तीनंतर २०२२ मध्ये पुन्हा उघडलं. तिथल्या वस्तूंकडे या नजरेने पाहा. झोपलेल्या बाळ येशूच्या हस्तिदंती मूर्तीचे मिटलेले डोळे, मेरीच्या वस्त्राच्या चुण्या, पानाफुलांची वळणं यांत इथल्या मूर्तिकलेची सवय उतरलेली दिसते. गोव्यातल्या कित्येक चर्चमध्ये प्रवचनाच्या लाकडी व्यासपीठाला खालून आधार देणाऱ्या आकृत्या तर सरळ नागकन्यांची आठवण करून देतात.

सर्वांत सुंदर उदाहरण बॉम जिझसमध्येच आहे. झेवियर यांची चांदीची पेटी १६३६-३७ मध्ये गोव्यातल्या सोनारांनी घडवली. तिच्यावर संताच्या आयुष्यातले ३२ प्रसंग चांदीच्या पत्र्यांवर उठवले आहेत. ही पेटी ज्या रंगीत संगमरवरी चौथऱ्यावर आहे, तो मात्र इटलीतल्या फ्लॉरेन्सचा शिल्पकार जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी याचा. टस्कनीच्या कोझिमो तिसरा दे मेदिची या सत्ताधीशाने भेट दिलेला हा चौथरा १६९८ मध्ये इथे बसवला गेला. खाली फ्लॉरेन्सचा दगड, वर गोव्याची चांदी. चौथऱ्याचा शिल्पकार नावाने ठाऊक आहे, चांदीवर हात चालवणारे नाहीत. आणि चौथरा बसला त्याच्या तीन वर्षं आधी, १६९५ मध्ये, व्हाइसरॉयने आपलं निवासस्थान या शहरातून हलवलेलं होतं.

शहर रिकामं का झालं?

कारण एक नाही. जांभ्याच्या सच्छिद्र जमिनीत सांडपाणी झिरपे आणि विहिरी दूषित होत. पटकी, हिवताप अशा साथी पिढ्यानपिढ्या येत राहिल्या. सतराव्या शतकात डचांनी समुद्री व्यापाराची नस आवळली, काही वर्षं तर मांडवीच्या मुखाशी नाकेबंदी करून बसले.

मराठी वाचकाला ठाऊक असलेला प्रसंगही याच काळातला. नोव्हेंबर १६८३ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांच्या फौजेने शहरासमोरचं जुवे बेट, म्हणजे सांत इस्तेव्ह, घेतलं. व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर प्रतिहल्ल्यात मार खाऊन परतला आणि त्याने आपला अधिकारदंड झेवियर यांच्या शवपेटीपाशी ठेवून शहर संताच्या हवाली केलं. मोगल फौज कोकणाकडे येत असल्याने मराठ्यांना माघारी वळावं लागलं. पोर्तुगीज परंपरेत तो संताचा चमत्कार ठरला. एकाच घटनेच्या दोन आठवणी अशा तयार होतात, आणि चर्चमधली कला अर्थातच त्यांतली एकच जपते.

पुढे उतार वेगाने झाला. आधीच शहराबाहेर गेलेला व्हाइसरॉय १७५९ मध्ये पणजीच्या आदिलशाही वाड्यात राहायला गेला. १७७६ मध्ये से कॅथेड्रलचा एक मनोरा कोसळला आणि पुन्हा बांधला गेला नाही. म्हणून आजचं कॅथेड्रल एका बाजूने लंगडं दिसतं. १८३५ मध्ये मठवासी धर्मसंघ बरखास्त झाले आणि मठ ओस पडले. १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. रिकाम्या घरांचे दगड काढून नवीन बांधकामासाठी वाहून नेले गेले. शहर जळलं नाही की बुडालं नाही. ते सुटं करून दुसरीकडे नेण्यात आलं.

सेंट ऑगस्टीन मठाचं आणि त्याच्या चर्चचं उदाहरण पाहा. मठ ओस पडल्यावर काही वर्षांतच, १८४२ मध्ये, चर्चचं छत कोसळलं. दर्शनी भिंत आणि मनोऱ्याचा अर्धा भाग १९३१ मध्ये पडला. आज सुमारे ४६ मीटरचा जो एकच सुळका दिसतो, तो त्या चर्चच्या मनोऱ्याचा उरलेला भाग आहे. त्याची मोठी घंटा पणजीच्या पायऱ्यांवरच्या प्रसिद्ध चर्चमध्ये अजून वाजते.

पडझडीची चित्रं आणि त्यांची भुरळ

ऱ्हास चालू होता तेव्हा तो रंगवायला कुणी पैसे दिले नाहीत. जुन्या गोव्याचे अवशेष चित्रांत आले ते एकोणिसाव्या शतकात. आंतोनियो लोपिस मेंदिस हा पोर्तुगीज अधिकारी १८६० च्या दशकात गोव्यात होता. त्याच्या रेखाटनांवरून केलेली चित्रं १८८६ मध्ये पुस्तकात छापली गेली. त्यानंतर कॅमेरा आला. पणजीच्या सौझा अँड पॉल या स्टुडिओने १८९० च्या सुमारास काढलेले फोटो हा आज मोठा ठेवा आहे.

या काळातल्या चित्रांत झाडी वाढलेली, कमानी मोडलेल्या, एखादा एकटा माणूस उभा. पाहताना मन भरून येतं, पण सावध राहायला हवं. अवशेषांत सौंदर्य शोधण्याची त्या काळातल्या युरोपीय कलेला आवडच होती. तिथे अजून राहणारे, नारळ काढणारे, चर्चची दिवाबत्ती करणारे लोक चौकटीबाहेर राहिले.

फोटो असताना चित्रांचा घोळ कशाला?

कारण पहिली साडेतीनशे वर्षं फोटो नव्हतेच. आणि फोटोही निवडलेलाच असतो. पण एका बाबतीत जुन्या फोटोंनी मोठंच काम केलं आहे.

बॉम जिझसचा तांबूस-तपकिरी दर्शनी भाग गोव्याच्या प्रत्येक पर्यटन पत्रकावर असतो. हे चर्च मुळापासून असंच उघड्या दगडाचं आहे, असं जवळजवळ सगळ्यांना वाटतं. ते तसं नव्हतं. १५९४ ते १६०५ या काळात बांधलेल्या या चर्चच्या जांभ्याच्या भिंतींवर चुन्याचा गिलावा होता आणि जुन्या फोटोंत तो स्पष्ट दिसतो. दर्शनी भागातल्या कोरीव कामासाठी वसईकडून आणलेला दगड वापरला होता, तो उघडा आणि बाकी भिंत पांढरी, अशी मूळ रचना. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला बाल्ताझार कास्त्रो या पोर्तुगीज वास्तुरचनाकाराच्या देखरेखीखाली गिलावा काढला गेला. झेवियर यांच्या मृत्यूला १९५२ मध्ये ४०० वर्षं होत होती आणि स्मारकांना ‘प्राचीन’ रूप देण्याची सरकारला हौस होती. नदीकडून शहरात शिरण्याचा दरवाजा असलेली व्हाइसरॉयची कमानही १९४८ मध्ये कोसळून १९५४ मध्ये पुन्हा उभी राहिलेली आहे.

म्हणजे ज्याला आपण चारशे वर्षांचं रूप समजतो, ते आपल्या आजोबांच्या काळातलं आहे.

याचा परिणाम केवळ दिसण्यापुरता नाही. जांभा पाणी शोषतो. गोव्याच्या पावसात उघडा जांभा हळूहळू झिजतो, म्हणून कोकणात जांभ्याच्या घराला गिलावा करायची रीत आहे. बॉम जिझसला पुन्हा गिलावा करावा की नाही, यावर गोव्यात बराच वाद झाला आहे. विरोध करणाऱ्यांचं म्हणणं भावनेचं असलं तरी हलकं नाही. अनेक पिढ्यांनी ‘गोंयचो सायब’, म्हणजे झेवियर, ज्या तांबड्या भिंतींआड पाहिला, त्या अचानक पांढऱ्या झाल्या तर त्यांचं देऊळ परकं होईल. तरीही मला वाटतं, इथे फोटोतला पुरावा आणि दगडाची प्रकृती एकच गोष्ट सांगत आहेत, आणि ती लोकांना समजावून सांगून गिलावा परत आणायला हवा.

हे सगळं वसाहतवादाचं कौतुक नाही का?

हा आक्षेप रास्त आहे आणि त्याला टाळून पुढे जाता येणार नाही. १५४० पासून तिसवाडीतली, म्हणजे जुनं गोवे ज्या तालुक्यात आहे तिथली, देवळं पाडली गेली, पुढे सासष्टी-बारदेशातलीही. लोक आपले देव नदीपार घेऊन गेले. कुठ्ठाळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा आज फोंडा तालुक्यात आहेत ते त्यामुळे. महाराष्ट्रातल्या असंख्य कुटुंबांची कुलदैवतं ही या स्थलांतराची साक्ष आहेत. १५६० मध्ये आलेलं इन्क्विझिशन, म्हणजे धर्मश्रद्धेची झडती घेणारं न्यायालय, १८१२ पर्यंत चाललं. से कॅथेड्रलसमोरच्या चौकात त्याचा वाडा होता. लोक त्याला ‘व्हडलें घर’ म्हणत. १८३० पर्यंत तोही पाडला गेला.

पाडलेल्या देवळांचं त्या काळातलं एकही चित्र शहराच्या भिंतीवर लागलं नाही, लागणारही नव्हतं. म्हणून प्रदर्शनात ती जागा रिकामी सोडून तिथे कागदपत्रं मांडावी लागतात: जमिनींच्या नोंदी, हुकूम, पत्रं. चित्रांची रांग लावली की ही मोकळी जागा उलट जास्त ठळक दिसते. कौतुक आणि तपासणी यांत हाच फरक आहे.

या कथेला विसाव्या शतकात एक वळण मिळालं ते जुन्या गोव्यासमोरच्या त्याच सांत इस्तेव्ह बेटावरून. १९०२ मध्ये तिथे जन्मलेले आंजेलो दा फोन्सेका शांतिनिकेतनात शिकले आणि त्यांनी साडी नेसलेली मेरी रंगवली. गोव्यातल्या अनेकांना ते रुचलं नाही. ते पुण्यात आले, तिथल्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. १९६७ मध्ये ते गेले. त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह आज पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आहे. ख्रिस्ती प्रतिमा कुणी आणि कोणत्या रूपात घडवायची, हा सोळाव्या शतकातल्या हुकमांमागचा प्रश्न चारशे वर्षांनी त्यांनाही विचारला गेला. या वेळी मात्र चित्रकाराने चित्रावर आपलं नाव घातलं.

मग आज याचा उपयोग काय?

१९८६ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत ‘गोव्यातली चर्चेस आणि मठ’ घेतले. म्हणजे इमारती घेतल्या. आपला कायदाही संरक्षित स्मारकापासून अंतर मोजतो: १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी, त्यापुढे आणखी २०० मीटरपर्यंत परवानगीची अट. जुन्या गोव्यात नव्या बांधकामांवरून जे वाद पेटतात, ते बहुतेक या मीटरांवरच अडतात.

लिन्शोटेनचा नकाशा समोर ठेवला की ही मोजपट्टी अपुरी का आहे ते कळतं. त्या नकाशात चर्चेस म्हणजे शहरातले काही ठिपके आहेत. बाकी सगळं रस्ते, घरं, विहिरी, धक्के. त्यांचा पाया अजून मातीत आहे. सेंट ऑगस्टीनच्या ढिगाऱ्यात उत्खनन झालं तेव्हा जुन्या नोंदींच्या आधारे शोध घेत २००५ मध्ये अस्थी सापडल्या. त्या जॉर्जियाची राणी केतेवान हिच्या असाव्यात असं डीएनए तपासणीतून २०१३ मध्ये पुढे आलं आणि २०२१ मध्ये भारताने अवशेष जॉर्जियाला दिले. एका पडक्या मठाच्या मातीत एवढं मिळालं. रुआ दिरैताच्या दोन्ही बाजूंना, जिथे व्यापारी, सोनार, नोकर आणि विकलेली माणसं राहिली, तिथे पद्धतशीर शोध घेण्याआधीच पाया खणणारी यंत्रं उतरू देऊ नयेत. त्यासाठी जुने नकाशे आजच्या सर्व्हे क्रमांकांवर बसवून, स्मारकांभोवतीच्या वर्तुळांऐवजी संपूर्ण शहराची हद्द संरक्षित म्हणून आखावी लागेल.